एकशे चौदावी बी

३ मार्च

एकशे चौदा! माणसं एकशे तेरा आणि बिया एकशे चौदा!

तीनदा मोजल्या. दहा-दहाचे ढीग घालून. चौतीस वर्षं मी निवडणूक कचेरीत मतपत्रिका मोजत आले, आणि आज मला भर अंगणात ऐकून घ्यावं लागलं, "बाई, उन्हानं डोळ्यांवर अंधारी आली असेल." कोण म्हणालं? पिठाच्या गिरणीचा मालक! ज्याचा तराजू आजवर गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकलेला मी पाहिला नाही, तो!

कुंभारीण तर हसायलाच लागली. "बिया मोजायच्या असतात होय? आम्ही आपलं काळी आहे का नाही तेवढं बघतो."

नीट लिहून ठेवते, म्हणजे राग तरी शिस्तीत राहील. आमच्या लोकांची बैठक अशी असते – कुंभारीण दर बैठकीला नवं मडकं करते, जेमतेम दोन बोटं जातील एवढ्या तोंडाचं. आपल्या दारात ती प्रत्येकाच्या हातावर दोन बिया ठेवते. भोपळ्याची पांढरी म्हणजे हो, कलिंगडाची काळी म्हणजे नाही. घोंगडीच्या पडद्याआड एकट्यानं जायचं, एक बी मडक्यात टाकायची, उरलेली शेजारच्या डब्यात. शेवटी मडकं अंगणात फोडायचं. एक जरी काळी निघाली तरी ठराव अडला. पंधरा दिवसांनी परत बसायचं. तिसऱ्या बैठकीतही काळी निघाली तर तो विषय कायमचा बंद. आणि काळी कोणाची, हे विचारायचं नाही. कधीच नाही!

आज एक काळी निघाली. एकच.

विषय काय होता? रस्ता. खालच्या दवाखान्यापासून वर आमच्या वस्तीपर्यंत गाडीरस्ता. सरकार करून देतंय, फक्त आमचा होकार हवा. नकाशात तो खालच्या सात घरांवरून जातो. त्या घरांना वर जागा मिळेल. हिवाळ्यात भावाच्या छातीत कळ आली तेव्हा त्याला खुर्चीला बांधून चार जणांनी खाली नेला. दोन तास! डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी लागला असता तर उपयोग नव्हता. धाकटा आहे माझा. मी सहा वर्षांची असताना वडिलांनी मला शहरात कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात टाकलं, तेव्हा तो रांगत होता. आता निवृत्त होऊन त्याच्याकडे राहायला आले ती काय त्याला खुर्चीवरून जाताना बघायला?

एकशे बारा-एकशे तेरा माणसं हो म्हणतात आणि एक बी सगळ्यांना धरून ठेवते. ही लोकशाही?

४ मार्च

उरलेल्या बियांचा डबाही मोजला. एकशे तेरा. म्हणजे कोणी दोन्ही बिया मडक्यात टाकल्या असंही नाही. जास्तीची बी बाहेरून आली. सरळसरळ बोगस मतदान!

भावाला सांगितलं. तो ओसरीवर कलिंगड खात होता. म्हणाला, "ताई, मोजत बसू नकोस. खा." आणि बिया वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. खिडकीत आधीच भोपळ्याच्या वाळताहेत. मी म्हटलं, मुंग्या होतील. म्हणे, "पेरायला." कुठे पेरणार? अंगणात फरशी आहे!

भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्यांना आता मोजणीचं काही बोलू नका, त्यांना धाप लागते." मला नाही लागत वाटतं?

७ मार्च

बैठक अडली की मधल्या पंधरा दिवसांत प्रत्येकानं आपण एरवी ज्या घरी जात नाही अशा घरी जाऊन बसायचं. हाही नियमच. काळी बी कोणाची ते माहीत नाही, तेव्हा सगळ्यांशीच गोड वागायचं. कोण जाणे, याचीच असेल!

त्यामुळे आज गिरणीवाला आमच्याकडे आला. चार वर्षं भावजयीशी त्याचा अबोला आहे, तिच्या पिठात खडे निघाले त्यावरून. आला, खुर्चीच्या कडेवर बसला, दोन कप चहा प्यायला. निघताना दारात म्हणाला, "तेव्हा जात्याच्या दगडाला नुकतीच छिन्नीनं टाकी लावली होती. खडे असतील."

चार वर्षांनी! भावजय आत जाऊन हसली की रडली, मला कळलं नाही.

हे सगळं मजेशीर आहे, मान्य. पण रस्ता मजेनं होत नाही.

९ मार्च

अर्ज लिहिला. विषय – वस्तीच्या बैठकीतील गैरप्रकाराबाबत. अक्षर अजून मोत्यासारखं आहे. त्यासाठी सिस्टरची पट्टी बोटांवर खाल्ली आहे.

जिल्ह्याच्या कचेरीत आता जो साहेब आहे तो माझ्या हाताखाली कारकून होता. शाईच्या बाटल्यांना बुचं लावायला मी शिकवलं. त्याला फोन केला.

"मॅडम, कायद्यानं तुमच्या बैठकीचा निर्णय आम्हाला मान्य करावाच लागतो," तो म्हणाला. "पण लेखी तक्रार आली तर गोष्ट वेगळी. मग मी मतपेटी पाठवतो. गुप्त मतदान, ज्याची मतं जास्त त्याचा निर्णय. एका दिवसात काम होईल."

"माणसामागे एक मत?"

"तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

फोन ठेवला तेव्हा किती बरं वाटलं! नागरिकशास्त्राच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, तुमच्या डोंगरातले लोक अजून बिया खेळतात. सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे. मोठ्यानं.

अर्ज पाकिटात घातला आहे. टपालाची गाडी खाली दवाखान्यापाशी मंगळवारी येते.

१२ मार्च

मंगळवार गेला. अर्ज कपाटातच. का ते लिहिते.

मला कुठेतरी जाऊन बसणं भागच होतं, नाहीतर लोक म्हणाले असते काळी बी हिचीच. खालच्या सात घरांत सुईणीकडे गेले. मी जन्मले तेव्हा हिच्या आईनं माझी नाळ कापली. मनात म्हटलं, काळी बी इथलीच असणार, बघू चेहऱ्यावर दिसते का.

ती शेंगा निवडत होती. मला सूप दिलं. गप्पा नाहीत काही नाहीत, नुसतं निवडणं. मग तीच म्हणाली, "विचारायचं नसतं. सांगायला बंदी नाही. मी पांढरी टाकली."

"पांढरी? घर जाणार तुझं!"

"घरात सहा बाळंतपणं झालीत माझी. दोन मुलं जगली. बाकीची चार मागच्या फणसा... हं, झाड सांगून काय करायचंय. मागे आहेत." तिनं मूठभर शेंगा माझ्या सुपात टाकल्या. "पण तुझ्या भावाची खुर्ची माझ्याच दोघांनी उचलली ना. मी पाहिलं त्याचं तोंड. निळं पडलं होतं. पडद्याआड उभी राहिले आणि काळी टाकायची लाज वाटली. सातही घरांत हेच. आम्ही मागाहून एकमेकींना सांगितलं. सगळ्यांनी पांढरी टाकली."

मी शेंग हातात धरून बसले.

"मग मडकं फुटलं आणि त्यात एक काळी!" ती म्हणाली. "अगं, काय सुटल्यासारखं वाटलं मला! म्हटलं, चला, कोणाला तरी आमचं वाईट वाटलंय. आता पुढच्या वेळी खरं ते टाकायला हरकत नाही."

म्हणजे मतपेटी आली असती तर? एकशे तेरा विरुद्ध शून्य. सात घरं स्वतःच्या मतानं उठली असती आणि मी निकालाच्या कागदावर सही ठोकून म्हटलं असतं, किती स्वच्छ!

असे स्वच्छ निकाल मी किती बांधले? लाल फीत, लाख, शिक्का. एका गावाचं तर शंभर टक्के मत एका बाजूला पडलं होतं. मी कौतुकानं सगळ्यांना कागद दाखवला होता. तिथे पडद्याआड कोणाकोणाला लाज वाटली होती?

तरीही. जास्तीची बी ती जास्तीचीच! कोणी टाकली?

१७ मार्च

दुसरी बैठक. मी दारात कुंभारणीशेजारी वही घेऊन बसले. रेघा मारल्या. माणसं एकशे बारा, गिरणीवाल्याची आई तापानं आली नाही. बिया एकशे तेरा.

पुन्हा एक जास्त! या वेळी मी ओरडले नाही. फक्त वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

काळ्या तेवीस.

खालच्या घरांतल्या बायका खाली बघत होत्या. मला त्यांचं कळत होतं. आणि तरी एवढा संताप आला! तेवीस! आता एकच बैठक उरली. घरी वर चढताना भाऊ तीनदा थांबला. तिसऱ्यांदा दगडावर बसला आणि मला म्हणाला, "काय सुंदर ऊन पडलंय." ऊन बघायला थांबला नव्हता तो.

अर्ज बाहेर काढून टेबलावर ठेवला आहे. नव्वद पांढऱ्या, तेवीस काळ्या. मतपेटीत रस्ता जिंकतो. एका दिवसात.

१८ मार्च

सकाळी त्याला पुन्हा कळ आली.

लिहवत नाही.

२० मार्च

तो ठीक आहे! डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, दोन दिवस ठेवून घेतलं, आज सोडलं. वर येताना खुर्चीतून सगळ्यांना सूचना देत होता.

परवाचं लिहिते.

मी अंगणात जाऊन हाक मारली, तर सगळ्यांत आधी कोण आलं? सुईणीचे दोघे मुलगे. आणि खालच्याच घरांतले आणखी दोघे. आदल्या दिवशी काळी टाकलेले हात. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. थोरल्यानं खुर्चीचा दोर आवळला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही मागे राहा, वाट अडवू नका." बस्स.

मी मागे धावत होते. साठी उलटलेली बाई काय धावणार! पण म्हणूनच माझं लक्ष गेलं. ते सात घरांवरून गेलेच नाहीत. गिरणीमागून वळले, ओढ्याच्या कडेनं उतरले आणि थेट दवाखान्याच्या मागच्या दारात.

"इकडून का रे?" मी धापा टाकत विचारलं.

"खांद्यावर माणूस असला की इकडूनच," धाकटा म्हणाला. "तिकडून उतार अंगावर येतो. हा सावकाश आहे. आजारी माणूस, बाळंतीण, सगळी इकडूनच नेतो आम्ही."

"मग रस्ता इकडून का नाही?"

तो खांदा बदलत म्हणाला, "आम्हाला कोणी विचारलं?"

कोणी विचारलं! नकाशा कचेरीत झाला, टेबलावर पट्टी ठेवून. आणि ही वाट माणसं उचलणाऱ्यांच्या पायांत होती. आम्ही सगळे हो की नाही एवढंच करत बसलो. मीही.

२१ मार्च

पहिला अर्ज राहू दिला, दुसरा लिहिला. विषय – रस्त्याच्या पर्यायी मोजणीबाबत. साहेबाला फोनही केला.

"मॅडम, मोजणीदार महिन्याभरात पाठवतो."

"आठ दिवसांत. नाहीतर मी स्वतः येऊन तुझ्या टेबलासमोर बसेन. डबा घेऊन. रोज."

चौथ्या दिवशी पाठवतो म्हणाला. गुणी आहे पोरगा.

२५ मार्च

मोजणीदार आला. टोपी, तिपाई, दुर्बीण, नाकावर ऊन लागू नये म्हणून मलम. सुईणीच्या मुलांनी त्याला वाट दाखवली. दुपारी घाम पुसत म्हणाला, "उतार खरंच कमी आहे. लांबी थोडी वाढेल. घर एकही जात नाही. फक्त गिरणीची मागची भिंत आणि कोठार."

सगळ्यांनी गिरणीवाल्याकडे पाहिलं. हाच तो, ज्यानं एका वितीच्या बांधासाठी सख्ख्या मेहुण्याला कोर्टात उभं केलं होतं.

तो भिंतीपाशी गेला, तिच्यावर बोटं वाजवून पाहिली. मग भावजयीकडे बघून म्हणाला, "नाहीतरी ती भिंत पोकळ झालीय. उंदीर फार."

भावजय म्हणाली, "कोठार उभं राहीपर्यंत पोती आमच्या ओसरीवर ठेवा." त्या दोन कप चहाचं मोल मला तेव्हा कळलं. पण हे मी कोणाला सांगणार नाही, माझी आयुष्यभराची मतं मोडीत निघतील.

३१ मार्च

तिसरी बैठक. शेवटची.

पडद्याआड गेले. दोन बोटं मडक्यात. पांढरी. बाहेर आले तर सुईण रांगेत माझ्यामागेच. डोळा मारला तिनं! या वयात!

माणसं एकशे तेरा. कुंभारणीनं मडकं उचललं, डोक्याच्या वर नेलं – मुद्दाम थांबली, नाटकी बाई आहे – आणि फोडलं.

सगळी पांढरी.

एकही काळी नाही! खापऱ्या हलवून बघितल्या, फरशीच्या भेगांत बघितलं. नाही. गिरणीवाला ओरडला, कोणीतरी रडलं, भाऊ भिंतीला टेकून नुसता हसत होता. रस्ता होणार! घरं राहणार! आजवर एवढे निकाल पाहिले, निकाल ऐकून मांडी घालून जमिनीवर बसले ती आजच.

बसलेच होते तर मोजल्या. सवय. दहा-दहाचे ढीग.

एकशे चौदा.

कुंभारीण कंबरेवर हात ठेवून उभी. "काय बाई, भरल्या का?"

"भरल्या," मी म्हटलं.

खोटं बोलले. पहिल्यांदाच, मोजणीच्या बाबतीत. आणि काही वाटलं नाही! जो कोणी जास्तीचा आहे, त्यानंही आज हो म्हटलं, मला एवढंच पुरे.

कुंभारीण म्हणाली, "आपल्या लोकांचं पहिल्या बैठकीत काही ठरलंय असं माझ्या आजीनंही कधी पाहिलं नव्हतं. हट्टी जात." सगळे हसले. मीही. कॉन्व्हेंटात हसायचे तशी नाही.

१ एप्रिल

पहिला अर्ज भावाच्या कलिंगडाच्या बियांखाली अंथरला. कागद जाड आहे, ओल चांगली शोषतो.

६ एप्रिल

भावाची तब्येत उत्तम. शिव्या देण्याइतकी. चालायला जातो, गिरणीपर्यंत. भिंत पाडायला सुरुवात झाली, हा उभा राहून त्यांना चुका दाखवतो.

गोळ्यांनी डावा हात मात्र थोडा थरथरतो. डॉक्टर म्हणाले, काळजी नको.

९ एप्रिल

आज भावानं दार लोटून घेतलं आणि बैठकीला घालतो तो कोट माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "डावी बाही उलटी कर." आत, मनगटापाशी, बोटभर खिसा. त्यात दोन बिया. एक काळी, एक पांढरी.



"पहिल्या बैठकीला काळीच," तो म्हणाला. "आपलं मत काहीही असो. आपली बी वेगळी, ती वेगळी. म्हणजे ज्याला लाज वाटते त्याला सोबत होते. पुढच्या बैठकांना, जे बरोबर वाटेल ते."

"तुला तर रस्ता हवा होता!"

"फार हवा होता गं, ताई."

आईनं दिला त्याला हा खिसा. आईला तिच्या मावशीनं. "तिनं तुझ्यासाठी ठेवला होता," तो म्हणाला. "तू बोर्डिंगात होतीस."

मग हात पुढे करून दाखवला, थरथरणारा. "आता मला जमायचं नाही."

मी कात्री घेतली, खिसा उसवला, माझ्या राखाडी स्वेटरच्या बाहीला आतून लावला. शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, चांगला टाका बाहेरून दिसता कामा नये.

दिसत नाही.